ओल्गा हेपनारोव्हा : एक चित्रपट, एक रस्ता आणि पांक्राट्सचा फास

‘मी, ओल्गा हेपनारोव्हा’ हा कृष्णधवल चेक चित्रपट २०१६ सालचा. तोमाश वाइनरेब आणि पेत्र काझ्दा या दोन दिग्दर्शकांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा कथापट. त्या वर्षी फेब्रुवारीत बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातील ‘पॅनोरामा’ विभागाचा पडदा या चित्रपटाने उघडला. नायिकेची भूमिका मिखालिना ओल्शान्स्का या पोलिश अभिनेत्रीने केली. खांदे पाडून, मान खाली घालून, कपाळावरच्या केसांआडून जगाकडे बघणारी तिची ओल्गा एकदा पाहिली की डोळ्यांपुढून हलत नाही. त्या भूमिकेसाठी तिला आणि आईच्या भूमिकेसाठी क्लारा मेलिश्कोव्हा हिला ‘चेक सिंह’ हा त्या देशाचा मानाचा चित्रपट पुरस्कार मिळाला.

कथा कल्पित नाही. १० जुलै १९७३ रोजी प्रागमध्ये २२ वर्षांच्या एका तरुणीने ट्रामच्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसांवर मालट्रक घातला. आठ जण मेले, बारा जखमी झाले. १२ मार्च १९७५ रोजी तिला प्रागच्या पांक्राट्स तुरुंगात फाशी देण्यात आले. चेकोस्लोव्हाकियात फाशी गेलेली ती शेवटची स्त्री. ही घटना बहुतेक वेळा एका बिघडलेल्या मनाचे कोडे म्हणून सांगितली जाते, आणि चित्रपटही मुख्यतः त्याच वाटेने जातो. पण ज्या रस्त्यावर हे घडले त्या रस्त्याला आणि ज्या तुरुंगात ते संपले त्या तुरुंगाला स्वतःचा मोठा इतिहास आहे. तो बाजूला ठेवला तर ओल्गाच्या कृत्याचा आणि तिच्या शिक्षेचाही अर्धाच अर्थ हाती येतो.

प्रागच्या मध्यभागी व्लतावा नदी मोठे वळण घेते. त्या वळणाच्या आत, नदीच्या डाव्या काठावर लेत्ना आणि होलेशोवित्से या वस्त्या आहेत. लेत्ना उंचावर, होलेशोवित्से सखल भागात. लेत्नाच्या पठारावरून एक लांब, गजबजलेला रस्ता उतरत उतरत स्ट्रॉसमायर चौकात येतो. योसिप युराय स्ट्रॉसमायर हा एकोणिसाव्या शतकातील क्रोएशियन बिशप. स्लाव लोकांच्या ऐक्याचा पुरस्कर्ता म्हणून प्रागकरांना तो जवळचा वाटे, म्हणून चौकाला त्याचे नाव. चौकात संत अँथनीचे दोन मनोऱ्यांचे चर्च आहे. पहिले महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास ते बांधून झाले. चारी बाजूंनी येणाऱ्या ट्राम इथे एकत्र होतात, त्यामुळे थांब्यांवर दिवसभर माणसे असतात.

रस्त्याचे नाव मात्र राजवटीगणिक बदलत गेले. ऑस्ट्रियाच्या काळात तो बेलक्रेदी या ऑस्ट्रियन पंतप्रधानाच्या नावाने ओळखला जाई. कम्युनिस्ट राजवटीने त्याला ‘ओब्रांत्सी मीरू’ म्हणजे ‘शांततेचे रक्षक’ हे नाव दिले, आणि १९७३ साली पाटीवर तेच होते. वर लेत्नाच्या कड्यावर १९५५ मध्ये स्टालिनचा प्रचंड दगडी पुतळा उभा राहिला आणि १९६२ मध्ये सुरुंग लावून तो उडवण्यात आला. मे दिनाची संचलने याच पठारावर होत. १९६८ च्या ऑगस्टमध्ये वॉर्सा कराराच्या फौजा देशात शिरल्यानंतर ‘नॉर्मलायझेशन’ म्हणजे ‘सर्व काही पूर्ववत करणे’ या नावाचा जो काळ सुरू झाला, त्यात लोक संचलनाला जात, घरी परतत आणि गप्प बसत. ओल्गाचे तारुण्य त्याच वर्षांतले.

तिचा जन्म ३० जून १९५१ रोजी प्रागमध्ये झाला. वडील बँकेत नोकरीला, आई दातांची डॉक्टर. म्हणजे त्या समाजात बऱ्यापैकी सुस्थितीतले घर. तेराव्या वर्षी तिने गोळ्या खाऊन जीव देण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर तिला ओपार्झानी येथील मुलांच्या मनोरुग्णालयात सुमारे वर्षभर ठेवण्यात आले. तिथे इतर मुलींकडून आपल्याला मारहाण झाली, हे तिने पुढे पुन्हा पुन्हा सांगितले. चित्रपटात हा प्रसंग न्हाणीघरात घडतो. कॅमेरा हलत नाही आणि संगीत मदतीला येत नाही. म्हणूनच तो बघवत नाही.

पुढे ती पुस्तकबांधणीचे काम शिकली, नोकऱ्या बदलत राहिली, घरच्यांपासून दूर राहू लागली. १९७० मध्ये ओलेश्को गावातल्या कुटुंबाच्या घराला आग लावण्याचा प्रयत्न तिने केला. मग ती मालवाहू गाड्यांची चालक झाली. तिला स्त्रियांचे आकर्षण होते, आणि चित्रपटाने या बाजूला बरीच जागा दिली आहे. १९६१ च्या फौजदारी संहितेने प्रौढांमधील समलिंगी संबंध चेकोस्लोव्हाकियात गुन्हा राहिले नव्हते. पण कायद्यातून कलम गेले म्हणून शेजारपाजारच्या नजरेतून ते गेले असे होत नाही, आणि गप्प राहणाऱ्या समाजात तर मुळीच नाही. तरीही सारा दोष या एकटेपणावर टाकणे चूक ठरेल. तसे एकटेपण घेऊन प्रागमध्ये इतर कितीतरी जण जगत होते; त्यांनी कोणाला चिरडले नाही.

त्या मंगळवारी तिने प्रागा आर-एन जातीचा मालट्रक घेतला. जागा विचार करून निवडलेली होती. लेत्नाकडून चौकाकडे उतार असल्याने तिथे गाडीला आपोआप वेग मिळतो. पहिल्या फेरीत थांब्यावर तिला पुरेशी माणसे दिसली नाहीत. ती वळसा घालून परत आली. तेव्हा तिथे पंचवीसेक जण उभे होते. ट्रक पदपथावर चढला. तीन जण जागीच गेले, आणखी तीन त्याच दिवशी, उरलेले दोघे पुढच्या काही दिवसांत. मेलेले सगळे ६० ते ७९ या वयाचे होते. कामाच्या दिवशी भर दुपारी ट्रामची वाट बघत उभी असणारी माणसे साहजिकच निवृत्तीच्या वयाची. ज्या ‘समाजा’ने आपल्याला छळले असे ती म्हणत होती, त्या समाजाच्या वतीने ते थांब्यावर आले नव्हते. त्यांच्यापैकी कोणी तिला ओळखतही नव्हते.

धावत आलेल्यांना वाटले, ब्रेक निकामी झाले असावेत. ओल्गा गाडीतच बसून होती. हा अपघात नाही, आपण जाणूनबुजून केले, असे तिने स्वतःच सांगितले. गाडीची तपासणी झाली. यंत्रात दोष नव्हता.

तिचे पत्र आधीच टपालात पडले होते. ‘स्वोबोद्ने स्लोव्हो’ हे दैनिक आणि ‘म्लादी स्व्येत’ हे तरुणांचे साप्ताहिक यांच्या नावे ते पाठवलेले होते आणि घटनेनंतर पोचले. त्यात तिने स्वतःला सगळ्यांनी मिळून ठोकायचे पोर म्हटले होते आणि त्यासाठी जर्मन शब्द वापरला होता. आपण जीव दिला तर कोणालाच काही वाटणार नाही, म्हणून समाजाचा सूड घेत आहोत, हा त्यातला युक्तिवाद. शेवटी तिने स्वतःचे पूर्ण नाव घेऊन समाजाला मृत्युदंड ठोठावला. चित्रपटाच्या शीर्षकातला ‘मी’ तिथून आलेला आहे.

या पत्राची भाषा न्यायालयाची आहे, आणि इथे जरा थांबायला हवे. वेड्या माणसाची बडबड म्हणून ते बाजूला सारता येत नाही. त्यात आरोप आहे, कारणे आहेत, निकाल आहे आणि खाली निकाल देणाऱ्याचे नाव आहे. त्या देशातल्या वर्तमानपत्रांच्या वाचकांना असला मजकूर नवा नव्हता. १९५० च्या उन्हाळ्यात मिलादा होराकोव्हा या माजी खासदार बाईंवर देशद्रोहाचा बनावट खटला चालला. तेव्हा कारखान्यांतून, शाळांतून, कार्यालयांतून हजारो ठराव न्यायालयाकडे पाठवले गेले. त्यांत आरोपींना कठोरातली कठोर शिक्षा मागितलेली होती. हे ठराव कम्युनिस्ट पक्षाने घडवून आणले होते, पण सह्या सामान्य माणसांच्या होत्या. २७ जून १९५० रोजी होराकोव्हा यांना पांक्राट्समध्ये फाशी दिले गेले. ओल्गाचा जन्म त्यानंतर वर्षभराने. तिने तो खटला मनात धरून लिहिले, असे म्हणायला आधार नाही. पण समाजाच्या नावाने परक्याच्या मृत्यूची मागणी वर्तमानपत्रापर्यंत पोचवायची, ही रीत ज्या देशात राज्यानेच रुजवली होती त्या देशात ती वाढली. तिने ती मागणी उलटी फिरवली, एवढेच.

खटल्यात तिने काही लपवले नाही. पश्चात्ताप दाखवला नाही, शिक्षा कमी करण्यासाठी धडपड केली नाही, मृत्युदंडच हवा असे ती म्हणत राहिली. न्यायालयाने नेमलेल्या मानसोपचारतज्ज्ञांनी तिला आपल्या कृत्याची जाणीव होती असे मत दिले, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती जबाबदार ठरली. पुढच्या काळात या मतावर शंका घेतली गेली; तिला स्किझोफ्रेनिया असावा असे म्हणणारेही आहेत. ६ एप्रिल १९७४ रोजी प्रागच्या शहर न्यायालयाने तिला मृत्युदंड दिला आणि वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. राष्ट्राध्यक्ष लुड्विक स्वोबोदा तेव्हा गंभीर आजारी होते. दयेचा अधिकार पंतप्रधान लुबोमीर श्ट्रोउगाल यांच्याकडे आला आणि त्यांनी तो वापरला नाही.

चेक भूमीत मृत्युदंडाचा इतिहास सरळ रेषेत चाललेला नाही. २१ जून १६२१ रोजी प्रागच्या जुन्या शहराच्या चौकात हॅब्सबर्ग सम्राटाविरुद्ध उठाव करणाऱ्या २७ जणांना एकाच सकाळी मारण्यात आले. यान मिद्लार्झ या जल्लादाचे नाव तेव्हापासून घरोघरी माहीत आहे. त्याच हॅब्सबर्ग घराण्यातील सम्राट दुसरा जोसेफ याने १७८७ च्या संहितेत सामान्य न्यायालयांच्या कक्षेतून मृत्युदंड काढून टाकला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धास्तीने तो लवकरच परत आला. आधी राजद्रोहासाठी आणि १८०३ पासून खुनासाठीही. प्रागमधली शेवटची जाहीर फाशी १८६६ ची. त्यानंतर फाशीचा खांब तुरुंगाच्या भिंतींआड गेला.

पांक्राट्सचा तुरुंग १८८५ ते १८८९ या काळात शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर बांधला गेला. आता शहर त्याला चहूकडून वेढून पुढे गेले आहे. स्वतंत्र चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष मासारिक मृत्युदंडाच्या विरोधात होते. दयेचा अर्ज ते सहसा मान्य करीत, म्हणून दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फाशीचे प्रसंग थोडेच आले. १९३९ मध्ये जर्मन आले आणि चित्र पालटले. एप्रिल १९४३ ते एप्रिल १९४५ या दोन वर्षांत या तुरुंगातल्या गिलोटिनखाली हजाराहून अधिक माणसांची डोकी उडवली गेली. जाताना जर्मनांनी ते यंत्र व्लतावेत फेकले. नंतर ते बाहेर काढण्यात आले. तो खोल्यांचा भाग आज स्मारक म्हणून राखलेला आहे. जमिनीवर पाणी वाहून जाण्यासाठी केलेला उतार तिथे अजून दिसतो.

युद्ध संपले तरी फाशी थांबली नाही. २२ मे १९४६ रोजी बोहेमियातील नाझी राजवटीचा क्रूर अधिकारी कार्ल हेरमान फ्रांक याला पांक्राट्सच्या आवारात हजारो लोकांसमोर लटकवण्यात आले. पद्धत जुन्या ऑस्ट्रियन खांबाची होती: कैद्याला उभ्या खांबाला लावून वर ओढायचे, गळ्यात फास अडकवायचा आणि मग खाली खेचायचे. १९५० मध्ये होराकोव्हा याच पद्धतीने गेल्या. ३ डिसेंबर १९५२ रोजी पक्षाचा माजी सरचिटणीस रुडोल्फ स्लान्स्की आणि त्याचे दहा साथीदारही. राजकीय कैद्यांचे देह स्ट्राश्नित्से येथील स्मशानगृहात जाळले जात आणि राख कुटुंबाला मिळत नसे. होराकोव्हा यांच्या मुलीलाही ती मिळाली नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यास खांब गेला आणि बंद खोलीत पायाखालची फळी उघडण्याची पद्धत आली. राजकीय फाशी हळूहळू थांबली. खुन्यांची चालू राहिली. सूशित्से येथील प्रसूतिगृहात नवजात बालकांना मारणारी परिचारिका मारिये फिकाच्कोव्हा हिला १९६१ मध्ये इथेच फाशी झाली.

१२ मार्च १९७५ च्या पहाटे काय घडले याबद्दल दोन सांगणी आहेत. मरणाची मागणी करणारी ही मुलगी शांतपणे गेली, असे एक. दुसरे चेक गोष्टवेल्हाळपणाचा मानबिंदू असलेल्या लेखक बोहुमिल ह्राबाल याच्या तोंडून पसरले: ऐनवेळी तिचा धीर सुटला आणि तिला ओढत न्यावे लागले, असे जल्लादाने आपल्याला सांगितल्याचे त्याचे म्हणणे. ह्राबालची बीअरच्या टेबलावरची गोष्ट ऐकायला कितीही जिवंत वाटली, तरी तिला दस्तऐवजाचा दर्जा देता येत नाही. या प्रकरणाचा शोध घेणाऱ्यांनी तिच्यावर शंका घेतली आहे. पण लोकांना ती आवडली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या मुलीने शेवटपर्यंत एकही अश्रू दिला नाही, तिने निदान शेवटी घाबरावे, असे ऐकणाऱ्यांना वाटत होते.

तिच्यानंतर पांक्राट्सच्या त्या खोलीत स्त्री गेली नाही, पण पुरुष आणखी १४ वर्षे जात राहिले. चेक भूमीतील शेवटची फाशी २ फेब्रुवारी १९८९ रोजी तिथेच झाली आणि चेकोस्लोव्हाकियातील शेवटची ८ जून १९८९ रोजी ब्रातिस्लाव्हात. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस लेत्नाच्या पठारावर लाखो माणसे जमली, राजवट कोसळली आणि डिसेंबरात वात्स्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. स्वतः तुरुंग भोगलेला हा माणूस मृत्युदंडाचा कट्टर विरोधक होता. १९९० च्या मे महिन्यात संसदेने मृत्युदंड रद्द केला आणि १ जुलै १९९० पासून तो कायद्यातून गेला. जानेवारी १९९१ मध्ये मूलभूत हक्कांच्या सनदेतही तशी तरतूद आली, म्हणजे साध्या बहुमताने तो परत आणण्याची वाट बंद झाली. खुन्याला फाशी हवी असे मानणारे त्या देशात तेव्हाही पुष्कळ होते आणि आजही आहेत, हे ध्यानात घेतले की त्या संसदेचे धैर्य कळते.

राजवट बदलल्यावर लेत्नाहून उतरणाऱ्या रस्त्यावरची ‘शांततेचे रक्षक’ ही पाटीही उतरली. रस्त्याला मिलादा होराकोव्हा यांचे नाव देण्यात आले. पांक्राट्समध्ये निर्दोष असताना फाशी गेलेल्या स्त्रीचे नाव त्या रस्त्याला आहे, जिथे पांक्राट्समध्ये फाशी गेलेल्या शेवटच्या स्त्रीने आठ माणसे मारली. हे कोणी ठरवून केले नाही. पण प्रागमध्ये गेल्या शतकाचा इतिहास असाच एकाच फरसबंदीवर थरावर थर साचलेला सापडतो. दोघींवर चित्रपटही लागोपाठच्या वर्षांत आले. डेव्हिड म्रन्का याचा ‘मिलादा’ २०१७ चा.

ओल्गावरचा चित्रपट रोमान त्सीलेक या लेखकाच्या २००१ सालच्या पुस्तकावर आधारलेला आहे. दिग्दर्शकांनी त्यातली तपासकथा घेतली नाही. ते ओल्गाच्या मागे मागे जातात: घरातले जेवणाचे टेबल, वसतिगृहाची खोली, गॅरेज, सिगारेटचा धूर. आई क्रूर नाही. ती व्यवस्थित आहे, कोरडी आहे, आणि मेलिश्कोव्हाने हा कोरडेपणा आवाज न चढवता उभा केला आहे. कारण हेच, असे चित्रपट कुठेही बोट ठेवून सांगत नाही, आणि हा त्याचा सर्वांत मोठा गुण. सहानुभूतीने सुरुवात करून तो प्रेक्षकाला हळूहळू अशा जागी नेतो, जिथे सहानुभूती टिकवणे अवघड होते. पडद्यावर येऊन पाच महिने होतात तोच फ्रान्समधील नीस शहरात १४ जुलै २०१६ च्या रात्री एका मालट्रकने गर्दीत घुसून ८६ जणांचे प्राण घेतले, आणि डिसेंबरात बर्लिनच्या नाताळ बाजारातही तेच घडले. चार दशकांपूर्वीचा खटला एकाएकी आजचा वाटू लागला.

त्याची उणीवही इथेच आहे. कॅमेरा एका माणसाला इतका चिकटलेला की थांब्यावरचे लोक धक्क्याच्या क्षणापुरतेच दिसतात. राज्याचे यंत्रही शेवटी येऊन आपले काम उरकून जाते. फाशीची खोली, तिची वीस वर्षांची सवय, दयेचा अर्ज नाकारणारे हात या सगळ्यांना त्यात फारशी जागा नाही. उत्तम चित्रपट म्हणून तो पाहावाच. इतिहास म्हणून तो पुरत नाही. पाहणाऱ्याने त्सीलेकच्या मूळ पुस्तकाचे नाव सोबत ठेवावे. मराठीत त्याचा अर्थ ‘आठ मृतांसाठी फास’ असा होतो. चित्रपटाच्या नावात ते आठ जण नाहीत.